बावीस शोधनिबंधांची यादी

मी एक यादी बोलतेय. किराण्याची नव्हे, तिला निदान महिन्याला कुणी वाचतं तरी. मी डॉ. चंद्रप्रभा घारपुरे यांच्या शोधनिबंधांची यादी. दोन पानं, बावीस ओळी आणि कोपऱ्यात गंजलेली टाचणी.

माझा जन्म १९६१ सालचा, नागपूरच्या एका प्रयोगशाळेतला. तेव्हा माझ्यात एकच ओळ होती. खारवट जमिनीत गहू का तग धरत नाही, यावरचा निबंध, आणि लेखिकेचं नाव इंदुमती वझे. चार वर्षांत सहा ओळी झाल्या. मग इंदुमतीचं लग्न झालं. आपल्या रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि ती चंद्रप्रभा घारपुरे झाली. सातव्या ओळीपासून मीही तेच नाव लावलं. वरच्या सहा मात्र इंदुमतीच्याच राहिल्या, कारण निबंध ज्या नावाने छापला त्याच नावाने यादीत लिहायचा असतो.

यजमान गुणवंतराव केंद्र सरकारात, म्हणून बाईही दिल्लीतल्या एका संस्थेत लागल्या. पुढे नोएडात घर झालं. कागद बदलत गेले, मी वाढत गेले.

एक्क्याण्णवनंतर संस्थेचं वारं बदललं. पूर्वी विचारत, काम काय केलंत? आता विचारू लागले, तुमच्या निबंधाचा उल्लेख जगात किती जणांनी केला? औषधांवर काम करणाऱ्यांना वर्षाला शंभर उल्लेख मिळायचे. खारवट मातीला कोण विचारतो? तरी दोघांना मोजायचं एकाच मापाने. मला याचा फार राग यायचा. बाईंची सगळी भिस्त माझ्या तिसऱ्या ओळीवर होती. तिचा उल्लेख पार इजिप्तपर्यंत झाला होता.

१९९५ साली विभागप्रमुखाची जागा निघाली. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, म्हणजे हीच शेवटची संधी. गुणवंतराव नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात नवा कॉम्प्युटर आला होता.

"तू आराम कर, यादी मी टाइप करतो," ते म्हणाले.

दोन बोटांनी तीन दिवस खपले बिचारे. टापटिपीची त्यांना भारी हौस. एकाच यादीत दोन नावं त्यांना बरी दिसेनात. त्यांनी सगळीकडे चंद्रप्रभा घारपुरे करून टाकलं. मला वाचा असती तर ओरडले असते. अर्ज द्यायच्या सकाळी बाईंनी ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये माझ्यावर सही केली. नवऱ्याने इतक्या मायेने केलंय, त्यात काय तपासायचं, असं त्यांना वाटलं असणार.

मुलाखतीच्या दिवशी कळलं, निवड समितीने मला लायब्ररीतल्या छापील निबंधांच्या जाड सूचीशी ताडून पाहिलं होतं. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं,

"मॅडम, ये पेपर तो किसी इंदुमती वझे का है।"

"मैं ही हूँ, सर। शादी से पहले का नाम है।"

"तो आपने लिस्ट में बदल क्यों दिया? कोई प्रूफ?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या प्रतिज्ञापत्र घेऊन गेल्या, पण तोवर निवड होऊन गेली होती. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवलं, ही कुजबुज मात्र त्या निवृत्त होईपर्यंत संस्थेत चालू राहिली.

घरी त्या एवढंच म्हणाल्या, "जागा दुसऱ्याला दिली." गुणवंतराव समितीवर भयंकर चिडले. आजही पाहुण्यांना सांगतात, "यादी मी स्वतः टाइप केली होती. एक चूक नव्हती!" बाई तेवढ्यात चहा टाकायला उठतात.

आता २००८ साल आहे. काल त्यांची लेक उत्तरा इंटरनेटवर शोधत बसली होती. "आई, इंदुमती वझेचा तो पेपर लोक अजून कोट करतायत यार! दोनशे वेळा! मी त्या साइटवाल्यांना एक मेल टाकते, ते दोन्ही नावं जोडतील. मग बाबांना दाखवू."

"नको," बाई म्हणाल्या. "दोन नावं वेगळी का दिसतायत, असं बाबा विचारतील. मग त्या यादीचा विषय निघेल."

"अगं, पण तुझं काम आहे ते!"

"असू दे. झोपलेत ते, हळू बोल." आणि त्यांनी मला घडी घालून साड्यांच्या खाली ठेवलं.

इथे काळोख आहे, आणि मला फार वाईट वाटतं. माझ्या बावीसही ओळी एकाच बाईच्या आहेत, हे कुणाला तरी सांगायचं होतं, ते तुम्हाला सांगितलं. एवढं करा, गुणवंतरावांच्या कानावर जाऊ देऊ नका.