नारिंगी चिमटा

आमच्या क्लबात सिरिल आणि मी अकरा वर्षं एकमेकांसाठी थांबलो. हे प्रेमासारखं ऐकू येतं. कारण मात्र तांत्रिक होतं. आमच्या दोघांच्या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या रणगाड्यांचे जुने रेडिओ एकाच लहरीवर चालायचे, आणि ओळखीसाठी त्या लहरीला दिलेला रंग नारिंगी. दोघांनी एकदम बटण दाबलं तर माझ्या हुकमाने त्यांचा रणगाडा चहाच्या टेबलाखाली घुसायचा. म्हणून चर्चच्या हॉलमध्ये दाराशी एक फळी आहे, तिला रंगवलेले कपड्यांचे चिमटे, एका लहरीला एक. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच रेडिओ लावायचा. दहा मिनिटं चालवायचं, मग चिमटा दुसऱ्याला. तोवर दुसऱ्याने शेजारी उभं राहून नावं ठेवायची.

"काय गं ग्लेनिस, खेकडा पाळलायस का? तिरका चाललाय."

"तुमचा सरळच जातो हो सिरिल. परवा सरळ भिंतीवर गेला."

सेक्रेटरी नॉर्मन ओरडायचा, "अरे, यांना कुणीतरी दुसरा रंग घेऊन द्या!"

रंग बदलणं अगदी सोपं. रेडिओतली, लहर ठरवणाऱ्या क्रिस्टलची एक जोडी बदलली की झालं. नखाएवढी तर वस्तू. पिवळी जोडी मी पहिल्याच वर्षी आणली होती. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पाकीट फोडलेलं नाही.

मार्चमध्ये सिरिल माझ्या शेडमध्ये आले. क्लबातल्या सगळ्यांचं वायरिंग मीच करते. कुणी शिकवलं नाही, जाळून जाळून शिकले. त्यांनी रणगाडा टेबलावर ठेवला आणि शेजारी नव्या रेडिओचा खोका.

"लेकीने पाठवलाय वाढदिवसाला. याला म्हणे रंगबिंग लागत नाही, सगळे एकदम चालवू शकतात. सुटलीस बघ तू! आता माझ्यासाठी ताटकळायला नको."

"सुटले खरी," मी म्हटलं. "चहा टाकू?"

"नको गं, बस चुकेल."

दोन दिवस मी त्या खोक्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रणगाडा उघडला. जुना रेडिओ काढला, त्याची हातभर लांब एरियल गुंडाळून ठेवली. नवा रिसीव्हर बसवला, दोन्ही पट्ट्यांच्या मोटरींच्या वायरी जोडल्या, सांधे डाग देऊन पक्के केले. राहिली नवी एरियल, बोटभर लांब. तिचं टोक वर, प्लास्टिकच्या छताखाली मोकळं ठेवायचं असतं. मी ते खाली रणगाड्याच्या लोखंडी पेटीत, मोटरींच्या वायरींना चिकटवून टाकलं.

अशाने रणगाडा पंधरा पावलांवर गचके देतो, मग थांबतो. सिरिल म्हणाले असते, हे नवं काही खरं नाही, जुनंच बसव. आत कोण बघतंय?

झाकणाचे चार स्क्रू लावले. हात धुतले, किटली ठेवली. एकच कप काढला. किटलीला वाफ यायच्या आत परत जाऊन चारही स्क्रू काढले. एरियल सोडवली, वर नेली, छताखाली सरळ चिकटवली. असलं वायरिंग माझ्या हातचं म्हणून बाहेर जाऊ द्यायचं? छे.

रविवारी त्यांचा रणगाडा लोण्यासारखा चालला. हॉलच्या पार त्या टोकाला, वाळूच्या टेकडीवर नॉर्मन आणि बाकीच्यांचे पाच रणगाडे, त्यांत सहावा हा.

"ग्लेनिस! एकदाही अडकला नाही!" तिथून ते ओरडले.

"वायरिंग कुणाचं आहे?" मीही ओरडले.

ते हसले आणि टेकडीकडे वळले.

नारिंगी चिमटा फळीवरच होता. दिवसभर माझाच. कॉलरला लावला, माझा खेकडा सोडला. तिरका चालला होता; नावं ठेवायला शेजारी कुणी नव्हतं. दहा मिनिटं झाल्यावर रेडिओ बंद केला, चिमटा फळीवर नेऊन लावला आणि बाजूला होऊन उभी राहिले.

बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की आता पाळी माझीच आहे.