दोन्ही बाजूंनी लढलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना लष्करी कोट आहे, पण लष्करात मात्र मी एक दिवसही नव्हतो. माझी सगळी लढाई टीव्हीवर झाली. आता मी एका संग्रहालयात काचेच्या कपाटात टांगलेला असतो. शाळेच्या सहली येतात, मुले काचेला नाक लावतात आणि एकमेकांना विचारतात, की बाकी सगळी बटणे काळ्या दोऱ्याने शिवलेली असताना तिसरे एकटेच निळ्या दोऱ्याने का? त्यांच्या बाईंना उत्तर माहीत नसते. त्या म्हणतात, "चला, पुढे चला." मला अशी मुले फार आवडतात, कारण मीही जन्मापासून भोचकच. म्हणून आज सगळे सांगून टाकतो.

टीव्ही काळा-पांढरा होता तेव्हाची गोष्ट. एका स्टुडिओत युद्धावरची मालिका सुरू व्हायची होती. युद्ध म्हटले की दोन सैन्ये हवीत, आणि पैसे तर एका सैन्यापुरतेही धड नव्हते. तेव्हा कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी डोके लढवले. त्यांनी आम्हा कोटांना दोन्ही बाजूंनी घालता येईल असे शिवले. वरची बाजू गडद, ती आपल्या सैन्याची. आतली फिकट, ती शत्रूची. बटणेही दोन्हीकडे लावली. कोट उलटा केला की माणूस फितूर! रोज सकाळी मला एकच उत्सुकता असे, आज मी कोण?

आमची रणभूमी स्टुडिओच्या मागच्या पटांगणात होती. तिथे मातीचे ढिगारे होते, पोत्यांची भिंत होती आणि नुसत्या दर्शनी बाजू असलेली प्लायवूडची घरे होती. एक जण पत्र्याच्या घमेल्यात ओला भुसा जाळून धूर करी आणि स्वतःच खोकून बेजार होई. ध्वनीवाले काका खुर्चीच्या गादीवर छडीचा फटका मारत, आणि टीव्हीवर त्याची बंदुकीची गोळी होई. एवढी मोठी माणसे दिवसभर खोटे खोटे भांडतात आणि दुपारी एकाच बाकावर बसून डबे खातात, याचे मला भारी नवल वाटे.

मला अंगात घालणारा तरुण गर्दीतला नट होता. गोळी लागून पडायचे, एवढेच त्याचे काम. दर आठवड्याला मरून पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर होई, म्हणून सगळे त्याला चिरंजीव म्हणत. माणसे इतकी कमी होती, की एका भागात त्याने शत्रू होऊन गोळी झाडली, धावत मागे जाऊन मला उलटे केले आणि आपला सैनिक होऊन तीच गोळी खाल्ली. स्वतःचाच खून करून हा पठ्ठ्या पुन्हा चहाला सगळ्यांच्या आधी हजर!

माझे तिसरे बटण पहिल्यापासून सैल होते. चिरंजीव धाडकन पडे आणि बटण लोंबू लागे. मावशी एकदा कंबरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"हे बघ, बटण हरवलंस तर गाठ माझ्याशी आहे. मालिकेतलं युद्ध एक दिवस संपेल, माझं तुझ्याशी चालूच राहील."

चिरंजीवने धसका घेतला. तेव्हापासून गोळी लागली, की तो आधी छातीवर हात नेई, ते बटण मुठीत धरी आणि मग डाव्या कुशीवर अलगद पडे. मरताना कोटाची एवढी काळजी घेणारा सैनिक मी दुसरा पाहिला नाही. मला त्याचा फार लळा लागला.

त्याच्या कामाचा एक कडक नियम होता. चेहरा दिसता कामा नये. एकदा का लोकांनी मेलेल्याचा चेहरा पाहिला, की तो माणूस पुढच्या आठवड्यात चालताना कसा दाखवणार? म्हणून चिरंजीव नेहमी पाठमोरा पळे आणि तोंड वळवून पडे. घरी त्याची आई होती. तिची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. ती शेजारणीकडे बसून मालिकेचा प्रत्येक भाग बघे. "डोळे आहेत तोवर एकदा तुझं तोंड टीव्हीत दिसू दे रे," असे ती त्याला म्हणे. हे तो मावशींना सांगायचा आणि मी खुंटीवरून ऐकायचो.

एके दिवशी एक नट तापाने फणफणला. त्याच्या वाट्याला एकच वाक्य होते. जखमी सैनिक नायकाच्या मांडीवर डोके ठेवून काहीतरी बोलतो आणि मरतो. कॅमेरा अगदी तोंडाजवळ येणार होता. दिग्दर्शकांनी इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "काय रे चिरंजीव, करशील?"

"करतो, साहेब!"

"नीट विचार कर. चेहरा दिसला, की या मालिकेतलं तुझं काम संपलं. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

चिरंजीवच्या हाताला दुसरे कुठलेच काम नव्हते. घर त्या रोजच्या पडण्यावरच चालत होते. माझ्या आत त्याची छाती धडधडत होती, ती मला स्वच्छ कळत होती. शेवटी तो म्हणाला, "करतो. आईला एकदा दिसू दे."

मग धूर झाला, छडीचा फटका वाजला आणि चिरंजीव पडला. सवयीने त्याने बटण धरलेच. नायकाने त्याला उताणे केले. तेव्हा तो म्हणाला, "आईला सांग, मी जेवलो होतो." बस्स, एवढेच वाक्य. पण ध्वनीवाले काका छडी हातात धरून तसेच उभे राहिले. मावशींनी पदराने नाक पुसले आणि "धूर फार केलाय मेल्यांनी" असे म्हणाल्या.

तो भाग टीव्हीवर लागला, तेव्हा सगळी मंडळी नेहमीप्रमाणे कपडेपटातल्या लहानशा टीव्हीपुढे दाटीवाटीने बसली. चिरंजीवही होता. आईला त्याने बजावून ठेवले होते, आज तोंड दिसणार, पुढे बस. चिरंजीव पडला. नायक धावत आला. आणि पुढच्याच क्षणी नायक दूर टेकडीवर उभा दिसला, संगीत वाजले, भाग संपला.

संकलकांनी मान खाली घातली. "भाग लांबला होता. बातम्या वेळेवर सुरू व्हायला हव्या होत्या. कापावं लागलं."

दिग्दर्शक घाईघाईने म्हणाले, "एका परीने बरंच झालं. चेहरा कुठे दिसला? तुझं काम राहिलं!"

काम राहिले होते, पण चिरंजीवचे तोंड एवढेसे झाले. "आता घरी कुठल्या तोंडाने जाऊ?" असे तो स्वतःशीच पुटपुटला. मला फार वाईट वाटले. तेवढ्यात मावशींनी मला खुंटीवरून काढले. कोट फाटकाबाहेर न्यायचा नाही, हा नियम त्यांचाच होता.

"घाल आणि जा. टीव्हीत नाही दिसलास, तर घरात दिस."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा खरा रस्ता पाहिला. घरांना मागची बाजूही असते, हे मला तेव्हा कळले. एका भाजीवाल्याने मला चक्क सलाम ठोकला. एरवी मी केवढा फुशारलो असतो! पण चिरंजीवची पावले जड पडत होती.

आई दाराशीच बसली होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

"आई, ते कापलं गं. तोंड दाखवलंच नाही."

"कापलं? मी तर पाहिलं तुला."

"चेहरा नव्हता, आई. पडला तो मी होतो, इतकंच."

"मग? चेहरे मला आताशा कुणाचेच धड दिसत नाहीत. पण पडताना तू छातीशी हात नेतोस आणि हळूच कुशीवर होतोस. दर आठवड्याला बघते की मी. शत्रू पडला, की शेजारीण टाळ्या वाजवते. तिला म्हटलं, बाई, वाजवू नकोस, तो माझा आहे."

आईने हात पुढे केला. मला चाचपत चाचपत ती बरोबर तिसऱ्या बटणावर आली.

"हेच ना ते, धरतोस ते? सैल झालंय. सुईदोरा आण."

त्याने डबा आणून दिला. तिने काळा समजून निळा दोरा उचलला. त्याने तो बदलला नाही, मुकाट्याने सुईत ओवून दिला. ती बोटांनी अंदाज घेत एकेक टाका घालू लागली आणि शिवता शिवता सहज म्हणाली, "जेवलास का?"

पटांगणात ते वाक्य पहिल्याच फटक्यात म्हणणाऱ्या चिरंजीवला इथे काही बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी निळा दोरा पाहून मावशींनी कात्रीच उचलली. त्याने घडलेले सांगितले. मावशींनी कात्री खाली ठेवली.

मालिका संपेपर्यंत चिरंजीव बटण धरून पडतच राहिला. पुढे आम्हा कोटांना ट्रंकेत कोंबले. डांबराच्या गोळ्या विरून गेल्या, उंदरांनी माझा एक खिसा खाल्ला, आणि मधली कितीतरी वर्षे मला कुणी विचारले नाही. मग इथे आलो. कपाटाशेजारी नायकाचा मोठा फोटो आहे. माझ्या पाटीवर फक्त "सैनिकाचा कोट" असे लिहिले आहे.

संग्रहालयातली नवी ताई फार मायाळू आहे. ती मला मऊ ब्रशने झटकते. पण काल ती म्हणाली, "हा निळा दोरा चुकून लागलाय. सोमवारी काळा घालून टाकते." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मला तोंड असते, तर ओरडलो असतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्यावर भिस्त आहे. जुनी वस्तू जपायची म्हणजे नवी करायची नव्हे. तिच्यावर कुणाचा हात फिरला आहे, ते आधी विचारायचे. सोमवारच्या आत या आणि ताईला सांगा, की ज्या बाईने हे बटण शिवले, तिला दोऱ्याचा रंग दिसत नव्हता, पण पडणारा मुलगा दर आठवड्याला दिसत होता. तेवढा दोरा राहू दे म्हणावे.