मैदाबाईची गोळी

त्या तळ्यावर आमिषावरून जेवढी भांडणं झाली असतील तेवढी शहरात जमिनीवरून झाली नसतील. मासा तो केवढा? हाताच्या पंज्याएवढा. अंगावर काळपट पट्टे असलेला, म्हणून मंडळी त्याला पट्टेवाला म्हणत. पण त्याला काय आवडतं यावरून मोठमोठे बाप्ये एकमेकांवर रुसून दोन-दोन महिने वेगळ्या काठावर बसलेले आहेत. शेवटी सगळे फिरून गांडुळावर आले. एकटी मैदाबाई काही ऐकायला तयार नव्हती.

मैदाबाई हे तिचं नाव नव्हे, नवऱ्याने पाडलेलं. ती बेकरीत कणीक मळायची, कोपरापर्यंत पांढरी असायची. हा शिळा पाव मागायला आला, माशांना टाकायला म्हणून. पुढे रोजच यायला लागला, आणि एवढे मासे कुठल्या तळ्यात असतात हे तिच्याही ध्यानात आलं. त्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. बोटं अशी, की तांदळाचा दाणा उचलला तर दाण्यालाही कळू नये.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने तळ्यावर गांडुळांचा डबा उघडला, आणि ती चार पावलं मागे पळाली.

"शी! हे वळवळतं मी हातात धरायची नाही. मी माझ्या कणकेची गोळी लावीन."

"लाव की," तो म्हणाला. "पण पैज. ज्याला कमी मासे, त्याने आठवडाभर संध्याकाळची भांडी घासायची."

शिळ्या पावाचा गर, मैदा, किसलेलं चीज, बोटभर मध. कणकेच्या बाबतीत तिला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. फक्त गळावर गोळी तो लावून द्यायचा. "आण, मी लावून देतो. तुझ्या हाताला गळ टोचेल," म्हणायचा आणि वाऱ्याकडे पाठ करून बसायचा. त्या दिवशी तिला पाच मासे मिळाले, त्याला एक. त्याने दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "हरलो, मैदाबाई!"

मग सव्वीस वर्षं तो हरत राहिला. एखाद्या रविवारी जिंकायचाही, पण ते अपवादानेच. आठवडाभर भांडी घासायचा, शीळ घालत. आणि ही बेकरीत सांगत सुटायची, "आमच्या यांना गांडुळाचा एवढा गर्व, पण माझ्या कणकेची चव माशांनासुद्धा कळते!"

पुढे तो विसरायला लागला. आधी कवळीत दाढा उलट्या बसल्या, ते काम सुटलं. मग पेपरवाल्याचं नाव गेलं, घराचा मजला गेला. आणि आठ महिन्यांपूर्वी, सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो तिला अगदी अदबीने म्हणाला, "ताई, आपण कोणाकडे आलात?"

तिला वाटलं, चेष्टा करतोय. हसलीसुद्धा मेली. मग त्याचे डोळे पाहिले, न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओळखीच्या गोष्टी करत राहा. एखाद्या वेळी एखादं काही आठवतं. पण आशा लावून बसू नका." तिने पहिलं तेवढं ऐकलं, पुढचं दवाखान्यातच सोडून आली.

तिचं गणित सोपं होतं. ते दोन शब्द त्याने इतक्या वेळा म्हटलेत, की आत कुठेतरी असणारच. तिच्या कणकेला मासा लागला, त्याने तो पाहिला, की ते तोंडातून निघणार. हरलो, मैदाबाई. एकदाच म्हणू दे, मग नाही म्हटलं तरी चालेल, असं ती स्वतःला सांगायची. चालणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

म्हणून दर रविवारी ती त्याला टोपी घालून, घडीची खुर्ची काखेत मारून तळ्यावर आणायची. गोळी आता स्वतःच लावायची, कारण तो नुसता पाण्याकडे बघत बसे. आणि आठ महिन्यांत एक मासा लागेल तर शपथ! तिने कणकेत लसूण घातला, बडीशेप घातली, व्हॅनिला घातला, उकडलेला बटाटा घातला. दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बूच जरा थरथरायचं, चिल्लीपिल्ली कणीक कुरतडून न्यायची आणि गळ रिकामा वर यायचा. आपला हातच गेला, असं तिला वाटायला लागलं होतं.

शेजारी रिटायर झालेले पोस्टमन बसत. ते दर वेळी चाचरत म्हणायचे, "वहिनी, एकदा गांडूळ लावून बघता का?"

"तुमचं गांडूळ तुम्हालाच लखलाभ!" ती फाडकन म्हणायची. ते खाली मान घालून आपल्या डब्यातली माती उकरत बसायचे.

त्या रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. तिने दुप्पट चीज घालून कणीक केली होती. तास झाला तरी बूच ढिम्म. तेवढ्यात तो खुर्चीतून पुढे वाकला.

"ताई, राग नसेल तर एक सांगू?"

"सांगा ना."

"नुसत्या कणकेला पट्टेवाला सहसा येत नाही. मांसाहारी गडी आहे तो. त्याला जिवंत पाहिजे."

"मी गांडूळ हातात धरत नाही."

तो हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा, खांदे हलवून, अगदी पूर्वीसारखा हसला. "आमची हीसुद्धा अशीच आहे!"

तिने काठी खाली ठेवली. "ही कोण?"

"बायको माझी. बेकरीत असते." त्याने मागे रस्त्याकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "कोणाला बोलणार नसाल तर तुम्हाला गंमत दाखवतो. अहो भाऊ, जरा डबा द्या इकडे."

पोस्टमनांनी डबा दिला. त्याने एक गांडूळ उचललं, नखाने शेपटाकडचा तुकडा तोडला, तिच्या कणकेत ठेवला, वर कणीक ओढून तळहातावर फिरवली. गोल, गुळगुळीत गोळी, आतलं काही दिसेल तर हराम. डोकं सगळं विसरलं होतं, बोटं काहीही विसरली नव्हती.

"हे असं. तिला वाटतं, मासे तिच्या कणकेला येतात. बेकरीभर सांगत सुटते!"

"आणि तुमच्या गळाला?"

"माझ्या गळाला तिची नुसती कणीक. म्हणजे हरायची काळजी नाही."

ती पोस्टमनांकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या तळ्याला माहीत होतं, वहिनी," ते पाण्याकडे बघत म्हणाले.

तिला असा संताप आला! सव्वीस वर्षं सगळ्या तळ्याने तिला वेड्यात काढलं होतं, आणि ती नाक वर करून फिरत होती. त्याची टोपी उचलून पाण्यात भिरकावावी असं वाटलं.

"पण का?" ती म्हणाली. "भांडी घासायची एवढी हौस?"

"हौस कसली डोंबलाची? अहो, ती दिवसभर कणीक मळते. संध्याकाळी मनगटं एवढी सुजतात. भांडी मी घासतो म्हटलं तर ऐकत नाही, भांडायला उठते. पैज हरलोय म्हटलं की मुकाट खुर्चीत बसते."

ती आपल्या मनगटांकडे बघत राहिली. आता सगळी भांडी तीच घासत होती. ओठावर आलं होतं, अहो, मीच ती, बघा ना माझ्याकडे. पण तिने भीतभीत वेगळंच विचारलं.

"तिला तुम्ही... मैदाबाई म्हणता का?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्ही ओळखता तिला? मेलो! ताई, पाया पडतो, तिला सांगू नका. कणकेचा फार अभिमान आहे हो तिला. हे कळलं तर तिचं मन मोडेल. सांगणार नाही म्हणा. म्हणा ना!"

तो तिचा हात धरून होता. घाबरलेला, डोळ्यांत पाणी. आता मीच ती म्हणायचं, तर त्याची एवढ्या वर्षांची जपणूक त्याच्याच तोंडावर फेकायची.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "शपथ."

त्याचा जीव भांड्यात पडला. तिने तीच गोळी लावून गळ टाकला. बूच दोनदा डुचमळलं आणि सरळ खाली गेलं. तिने काठी ओढली, आणि ऊन लागून चमकणारा, चांगला पंज्याएवढा पट्टेवाला गवतावर येऊन आपटला. आठ महिने ज्याची वाट पाहिली तो. तिने माशाकडे पाहिलंही नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

त्याने लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. मग मान वळवून परत रस्त्याकडे बघितलं. "ही असायला हवी होती. अजून कशी आली नाही?"

"येईल," ती म्हणाली.

"तुमच्याबरोबर कोणी नाही, ताई?"

"आहेत ना. आमचे हे आलेत."

"कुठे आहेत?"

"इथेच असतील कुठेतरी."

"येतील, येतील. तोवर बसा आमच्याजवळ." तो सरकून वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि त्याने हात पुढे केला. "आणा ती कणीक, मी लावून देतो. तुमच्या हाताला गळ टोचेल."

तिने कणकेचा डबा त्याच्या हातात दिला.