डायलचा गुरुवार

मित्रांनो, ही गोष्ट २०२३ सालची. मी मशीन तपासायचा एक जुना डायल आहे. घड्याळासारखा गोल, पण वेळ मला कळत नाही. मशीन केसभर वाकडं झालं तरी माझा काटा हलतो, एवढंच माझं शहाणपण. भोसरीच्या दत्तोबा मिस्त्रींनी मला तीस वर्षं कापसात जपलं आणि थकल्यावर त्यांच्याच कंपनीत मशीन दुरुस्त करणाऱ्या समाधानच्या हाती दिलं. "आपटू नकोस याला," एवढंच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात समाधानने कंपनी सोडली. लोखंड कातणाऱ्या लेथ मशीनच्या दुरुस्तीचं स्वतःचं काम सुरू केलं. बायकोला, स्वप्नालीला, त्याने शब्द दिला होता : दिवाळीपर्यंत एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, तर पुन्हा कंपनीत, तेही कंत्राटावर.

आम्ही शेडमागून शेड हिंडलो. मालक माझं कौतुक करत, पण मशीन थांबवायला कुणी तयार नसे. "माल द्यायचाय राव, नंतर या." ते नंतर कधी आलंच नाही. काळेवाडीत घराशेजारचा नवनाथ विचारायचा, "काय शेठ, आज किती कारखाने घेतले?" समाधान हसायचा. मग मला उगाच पुसत बसायचा. त्याच्या हाताची थरथर मला कळायची.

गुरुवारी मात्र आम्ही घरी. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी, आणि समाधानची कंपनीतली बारा वर्षांची सवय अंगातून गेली नव्हती.

दसरा झाला. दिवाळीची झाडलोट निघाली. अशाच एका गुरुवारी स्वप्नाली स्टुलावर चढून पंखा पुसत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, फिरता पंखा कुणी पुसतं का? मग तुम्ही चालत्या मशीनमागं कशाला लागता? आज बंदच असतील की."

समाधानने मला बॅगेत ठेवलं. त्याने बॅग उचलली.

एका शेडचे मालक रोहिदासशेठ अर्धं शटर उघडून लेथखालचा लोखंडाचा कीस झाडत होते. त्यांनीच आम्हाला चारदा परत पाठवलं होतं. "आज मोकळाय. लाव तुझा डायल," ते म्हणाले. माझा काटा हलला. ते पहिलं गिऱ्हाईक. पुढच्या गुरुवारी आणखी दोन शटरं उघडी मिळाली.

दत्तोबा गेल्या वर्षी वारले. नवनाथची कंपनी बंद पडली. तो आता समाधानबरोबर काम करतो, थट्टा करत नाही. स्वप्नाली गुरुवारी एकटीच असते, कारण समाधान आता सातही वार बाहेर. त्याच धावपळीत मी बॅगेतून पडलो. काटा अडकला. नवा डायल आला आणि मी खणात गेलो, कापसाशिवाय.

मित्रांनो, हत्यार जपा. मशीनलासुद्धा एक बंद वार लागतो, माणसासाठीही एक ठेवा. समाधानच्या हाताची थरथर थांबली की वाढली, ते आता मला कळत नाही.