आदमिनिस्त्रादोर आमच्याकडे राहिला

पोर्तुगीज गोव्यातून गेले, पण त्यांचा आदमिनिस्त्रादोर आमच्या स्वयंपाकघरात राहिला. आमच्या तालुक्याचा तो सर्वांत मोठा अधिकारी. आईला तांदळाच्या डब्यामागे सापडला तेव्हा कोंबडीएवढा होता. अंगात पांढरा कोट, पायांत बूट.

बाबा त्याचे दुभाषे होते. त्यांनी पाट मांडला, बशीत पेज वाढली आणि कमरेत वाकून म्हणाले, "सिन्योर, गरिबाचं घर आहे." पेज पिऊन तो बकरीएवढा झाला.

मग जनार्दनकाका आला. याच्याच हुकमानं तुरुंगात काकाची बोटं मोडली होती. काका त्याच्या तोंडावर थुंकला. "रांडेच्या, अजून मेला नाहीस?" साहेबानं थुंकी पुसली आणि त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं.

पुढे तसंच चाललं. बाबा म्हणायचे, "त्यांच्या वेळी रस्ते कसे स्वच्छ असायचे." काका म्हणायचा, "झाडणाऱ्याच्या पाठीवर वळ असायचे." साहेब बोलणाऱ्याकडे सभ्यपणे मान वळवायचा आणि वाढायचा. आम्ही पडवीत जेवू लागलो.

एका दुपारी आई भात उतरवायला आत गेली आणि त्याची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये अडकली.

"काही नाही, तुम्ही बसून घ्या," ती आतून म्हणाली.

"हे तुझ्या लाचारीमुळे," काका बाबांना म्हणाला.

"तुझ्या शिव्यांमुळे," बाबा म्हणाले.

ते भांडत राहिले. आई आधी हाका मारत होती. नंतर ती फक्त भिंत ठोकू लागली. मग तेही थांबलं, आणि दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"कुमुद, तू आत जा," बाबा म्हणाले.

"मी का?"

"तुझी शाळाच पोर्तुगीज गेल्यावर सुरू झाली," काका म्हणाला. "तुला त्याचं प्रेम नाही, राग नाही. तुझ्यासमोर तो आटेल."

"आणि आई?"

"आटला की सुटेल."

त्यांनी मला आत ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

साहेबानं माझ्याकडे मान वळवली. चेहरा थकलेला होता, दाढी गुळगुळीत केलेली. मी मनात काहीच येऊ दिलं नाही. तो खरोखरच थोडा आटला. त्याच्या खांद्याआडून आईचा हात दिसला. घडी घातलेल्या लुगड्यासारखा तो चपटा झाला होता. बोटं हलत होती.

मी त्या हाताकडे पाहिलं. साहेबाच्या कोटाचं बटण माझ्या छातीला येऊन टेकलं.