आवाज येईपर्यंत

“आता काय दिसून राह्यलं?” मोतीरामने विचारले.

“काळं. निस्तं काळं हाय जी.”

“अन् आता?”

“आता बी काळंच. एवढी घाई कायले करून राह्यले?”

बोरगावच्या त्यांच्या घरात स्टुलावर एक संगणक मांडलेला होता, भाकरीच्या डब्यापेक्षा मोठा नसेल. पडदा म्हणून त्याला घरातला टीव्ही जोडला होता. मोतीराम मांडीवर कीबोर्ड घेऊन बसला होता आणि त्याची बायको पंचफुला टीव्हीला नाक लावून उभी होती. पलंगावर तिचा मोबाइल होता. त्यातून नागपूरची अश्विनी बोलत होती.

काचबिंदूने मोतीरामची नजर तरुणपणीच गेली. तेव्हा तो मध्य प्रदेशातल्या सौसरला संत्रा बागायतदारांच्या एका संस्थेत फाटकावर गाड्यांची नोंद करायचा. नोकरी राहिली, काम गेले. मग नागपूरला अश्विनीकडे तो संगणक शिकला. ती स्वतः जन्मांध. पडद्यावरचे वाचून दाखवणारा आवाज कसा ऐकायचा, त्याच्या मागे बोटे कशी पळवायची, हे तिने त्याला शिकवले, आणि तो परत येऊन संस्थेच्या फोनपाशी बसला. कुणाच्या बागेत तोडणी आहे, कुणाला क्रेट हवेत, कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली. तो ऐकायचा, टाइप करायचा, आणि तो आवाज त्याला सारे परत वाचून दाखवायचा. बागायतदार त्याला चेहऱ्याने कमी आणि आवाजाने जास्त ओळखत.

मागच्या आठवड्यात संस्थेची नवी वेबसाइट सुरू झाली आणि त्याच्या टेबलावरच्या या संगणकाच्या डब्यावर ती उघडेना. जुनी विंडोज वेबसाइटला चालत नव्हती, आणि नवी विंडोज या डब्यावर बसत नव्हती. पांढुर्ण्याच्या दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला आणि “ये नहीं चलेगा, भैया,” म्हणून परत दिला. संस्थेचे व्यवस्थापक वीरेंद्रबाबू मनाने चांगले. मोतीरामच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “भाऊ, पुढच्या साली नवा घेऊ. तवर आरामात बसून राहा. पगार कुठी जाते?”

नजर गेली तेव्हाही लोक हेच म्हणाले होते. त्या रात्री मोतीराम जेवला नाही.

मार्ग अश्विनीनेच काढला. विंडोज काढायची आणि तिच्या जागी लिनक्स हे फुकटचे सॉफ्टवेअर टाकायचे. ते जुन्या यंत्रांशी जुळवून घेते. तिने पेन ड्राइव्ह तयार करून बसने पाठवला. पण आज डबा त्यावरून सुरू केला, तर त्याच्या तोंडून आवाजच निघेना. म्हणजे सगळे डोळ्यांनी वाचून करणे आले. पंचफुला सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरे ती ओळखायची, शब्द जुळवणे जमत नसे.

“दोन आंधळे अन् एक अडाणी,” ती म्हणाली. “होते आता चांगलंच!”

मोबाइलमधून अश्विनी खळखळून हसली. “काकू, जे दिसेल ते फक्त वाचा.”

टीव्ही उजळला.

“आलं, आलं! आय... एन... एस... टी...”

“इन्स्टॉल,” मोतीराम म्हणाला आणि त्याने कळ दाबली.

असेच पुढे चालले. ती अक्षरे सांगायची, तो शब्द ओळखायचा, अश्विनी पुढची कळ सांगायची. मग पंचफुलेने वाचले, “ई, आर, ए, एस, ई. पुढं डी, आय, एस, के.”

मोतीरामचे बोट थांबले.

“डिस्क पुसायची का, म्हणून विचारतंय,” अश्विनी म्हणाली. “काका, इथून मागं फिरता येत नाही.”

लिनक्स नीट बसले नाही, तर डबा ना जुना राहणार ना नवा. आज वेबसाइट उघडत नव्हती, तरी जुना आवाज त्याच्याशी बोलत तरी होता. तोही जायचा.

“तू काय म्हनते वो?” त्याने विचारले.

“मी काय म्हनू? तुमी घरी बसले तं दिवसभर माह्या सैपाकात मीठ कमी म्हनान. मारा एंटर.”

त्याने मारले.

पडद्यावरची रेघ गोगलगायीसारखी सरकली. डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पंचफुलेला टीव्हीवर एक निळा डोंगर दिसला, पण आवाज नाही. मोतीरामने वाचून दाखवणारा आवाज सुरू करायची कळ दोनदा, चारदा दाबली. अश्विनीने त्याला आवाजाच्या सेटिंगपर्यंत नेले.

“इथं काय लिहिलंय, काकू?”

“डी, यू, एम, एम, वाय.”

“डमी,” अश्विनी म्हणाली. “आवाजाचा भाग त्याला ओळखताच आला नाही. सगळं अपडेट करून पाहू. नव्या आवृत्तीत कुणी तो जोडून दिला असेल तर...”

मोतीरामच्या फोनची तार डब्याला लावून इंटरनेट दिले. टीव्हीवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावू लागल्या. पंचफुलेने चहा केला. मोतीरामने कपाला हात लावला नाही. त्याचा हात डब्यावर होता. डबा तापला होता.

“मॅडम, नाही झालं तं?”

“नाही झालं तर दुसरं काही शोधू, काका.” पण तिच्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता.

डबा पुन्हा सुरू झाला. निळा डोंगर आला. त्याने कळ दाबली. काही नाही.

“राहू दे,” त्याने कीबोर्ड बाजूला सारला. “बंद कर वो.”

“थांबा!” अश्विनी म्हणाली. “काका, आवाजाची सेटिंग पुन्हा उघडा. काकू, ती डमीची ओळ वाचा.”

“आता तिथं दुसरंच हाय. एच, डी, एम, आय.”

“अहो, आवाज टीव्हीकडे जातोय! टीव्हीचा आवाज बंद आहे का?”

पंचफुलेने कपाळावर हात मारला. फोनवर नीट ऐकू यावे म्हणून सकाळी तिनेच तो बंद केला होता. तिने उशीखालून रिमोट काढला आणि बटण दाबून धरले. मोतीरामने बाणाच्या कळा दाबल्या.

“डेस्कटॉप! होम! ट्रॅश!”

घोगऱ्या आवाजाने घर दणाणले. दारातली कोंबडी फडफडत अंगणात पळाली.

“बाप्पा!” पंचफुला हसत सुटली. “हा तं सर्दी झाल्यावानी बोलते!”

अश्विनी तिकडे टाळ्या वाजवत होती. मोतीराम हसला नाही. तो एकेक कळ दाबत होता, आवाज एकेक अक्षर सांगत होता, आणि त्याचे खांदे हळूहळू खाली येत होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “चहा दे वो.”

“थंडा झाला.”

“थंडाच दे.”

संध्याकाळपर्यंत डबा मराठी बोलू लागला, हेडफोनमधूनही, आणि संस्थेची वेबसाइटही उघडली.

सोमवारी मोतीराम संस्थेत पोचला, तेव्हा त्याच्या टेबलावर पुठ्ठ्यांचे गठ्ठे रचलेले होते. त्याने हाताने ते चाचपले आणि डब्याची पिशवी छातीशी धरून उभा राहिला.

“वीरेंद्रबाबू, टेबल रिकामा करून देता का जी?”

वीरेंद्रबाबूंनी पिशवीतून डोकावणाऱ्या तारा पाहिल्या. शिपायाला हाक न मारता त्यांनी स्वतःच गठ्ठे उचलले आणि हातरुमालाने टेबल पुसले. मोतीरामने तारा जोडल्या, कानाला हेडफोन लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

फोन वाजला. तिगावचा कुणी बागायतदार होता.

“हाव, मोतीराम बोलून राह्यलो. जरा हळू सांगा, भाऊ.”

पलीकडचा माणूस नाव सांगू लागला, आणि मोतीरामची बोटे चालू लागली.