अप्पांच्या मताचं बोट

विधानसभेच्या मतदानाला अप्पांनी अनसूयालाच सोबत ओढलं, याचा तिला लई राग आला होता. काचबिंदूनं बिभीषण अप्पांची नजर गेलेली. अशा माणसाच्या वतीनं घरच्यानं बटण दाबलं तरी चालतं. मग भाऊ अमरेश होता की! अप्पांसारखाच किटली या निवडणूक चिन्हाचा पक्का माणूस. पण नाही, "अनशीच पायजे."

आणि किटलीचा यंदाचा उमेदवार कोण, तर तिच्या शाळेचं पटांगण गिळायला निघालेला! अनसूया तिथं मास्तरीण. त्याला आपल्या हातानं मत द्यायचं? कपाळ माझं!

राजकारण ती घरातच शिकली होती. अप्पा एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर; पाळी सुटली की सायकलला किटलीचा झेंडा. आई सुंदरम्मा दुधनीची, कन्नड शिव्यांत वाकबगार. अनसूया लहान असताना एकदा जेवताना आईनं सांगून टाकलं, "मी ह्या वेळी छत्रीला मत देणार."

अप्पांचा घास हातातच राहिला. आता ताट भिरकावतात, असं पोरीला वाटलं. त्यांनी बोलणंच टाकलं. मग होटगीला छत्रीची सभा लागली, तेव्हा मात्र झेंडा काढून ठेवला, आईला कॅरिअरवर, लेकीला दांडीवर बसवून घेऊन गेले. सभा संपेपर्यंत बाहेर तोंड फिरवून उभे. लोक हसले, हसू देत.

परतताना म्हणाले, "तुजा माणूस लई वाईट बोलतोय."

"तुमचा तर नुसता वरडतोय," आई म्हणाली.

आता मतदान केंद्रात अप्पांची सोबतीण म्हणून अनसूयाच्या उजव्या बोटाला शाई लागली. डाव्याला सकाळचीच होती, छत्रीला दिलेल्या तिच्या स्वतःच्या मताची.

"किटली," आडोशामागे अप्पा कुजबुजले.

तिचं बोट छत्रीवर गेलं. कोण बघतंय? यंत्राचा आवाज तर दोन्हीला सारखाच. पटांगणात खेळणारी पोरं तिच्या डोळ्यांपुढं आली. अप्पा तिचा दंड धरून उभे होते. दातओठ खात तिनं किटली दाबली.

बाहेर आल्यावर तिला राहवेना. "अप्पा, अमरेशला का नाही आणलं? त्यानं हौसेनं दाबलं असतं."

"म्हणून तर न्हाय आणला," अप्पा म्हणाले. "त्यानं मला इचारलंच नसतं, किटली का छत्री. तू मनाइरुद्ध दाबलंस, म्हणून ते माजंच मत."

अनसूयाला एकदम रडू फुटलं. अप्पांना वाटलं, पटांगणासाठीच रडतेय, आणि ते तिची पाठ थोपटत राहिले. मघाशी बोट कुठं गेलं होतं, ते तिनं सांगितलं नाही.